चित्रातला तो बारीक बाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाऊस आणि ओढे यांच्यावर एक पान आले होते. लेख चांगला होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार सोबतच्या चित्राबद्दल आहे. चित्रात टेकडीवर पाऊस पडतो, जमिनीवरून एक जाडजूड निळा बाण थेट ओढ्यात उतरतो, आणि जमिनीखालून सुतळीएवढा दुसरा बाण ओढ्याकडे रांगत येतो. जाड बाणावर लिहिले आहे ‘पुराचे पाणी’. बारीक बाणावर ‘भूजल (संथ, पाऊस संपल्यावर)’. मी हे पत्र त्या बारीक बाणाच्या बाजूने लिहिते आहे.

आधी माझा अधिकार किती ते सांगते. मी जलशास्त्रज्ञ नाही. एकतीस वर्षे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. द्रावणे तयार करायची, ब्युरेट धुवायच्या, मुलांनी फोडलेल्या काचेचा हिशेब ठेवायचा. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले म्हणून एक ईसी मीटर घेतला. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता सांगतो. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. पावसाचे पाणी जवळजवळ कोरे असते. अंगणात ठेवलेल्या स्वच्छ वाडग्यात पडलेल्या पावसाचे वाचन मला बहुतेक वेळा २० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास मिळते (पुढचे आकडेही याच एककातले). जमिनीत मुरून महिनोन्‌महिने खडकाशी घसट केलेले पाणी क्षार घेऊन बाहेर येते. घरामागच्या ओढ्याचे वाचन पाऊस नसताना ४८० असते. म्हणजे कोरे पाणी कोणते आणि मुरलेले कोणते, हे ओळखायला माझ्यासारखीलाही एक खूण मिळाली.

माझी अपेक्षा तुमच्या चित्रासारखीच होती. मोठा पाऊस झाला की ओढा गढूळ होतो, फुगतो, म्हणजे त्यात पावसाचे पाणी आले, म्हणजे आकडा घसरून शंभराच्या खाली यायला हवा. एका रात्री चांगला चार तास पाऊस झाला. पहाटे टॉर्च घेऊन गेले तेव्हा रोजची घोट्याएवढी धार मांडीला लागत होती, पाणी चहासारखे झाले होते. मीटर बुडवला. ३३०.

मीटर बिघडला, हा पहिला विचार. घरी येऊन प्रमाण द्रावणात तपासला. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे वाचन २५ अंशांना १४१३ यायला हवे, ते १४११ आले. मीटर ठीक होता. चूक निघाली ती माझीच, आणि तीही उलट्या बाजूची. मीटरचे तापमान-दुरुस्तीचे बटण बंद राहिले होते. पाणी एक अंशाने थंड झाले की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी कमी दिसते, आणि पहाटे ओढ्याचे पाणी २० अंशांवर आले होते. दुरुस्ती करून खरे वाचन निघाले ३६५ च्या घरात. म्हणजे पाणी मला वाटले त्याहूनही ‘जुने’ होते. पाणी कुठेतरी मुरतंय असे आपण संशयाने म्हणतो. इथे ते मुरलेलेच पाणी बाहेर येत होते.

आता हिशेब, आठवीतल्या मुलालाही जमेल असा. पाऊस २०, नेहमीचा ओढा ४८०, पुराच्या वेळी ३६५. दोन द्रावणे मिसळून तिसरे केले तर प्रमाण काढतो तसेच काढायचे. ३६५ मधून २० वजा केले तर ३४५, ४८० मधून २० वजा केले तर ४६०, आणि ३४५ भागिले ४६० म्हणजे पाऊण. पुरातल्या चार बादल्यांपैकी तीन बादल्या पावसाआधीपासून जमिनीत असलेल्या पाण्याच्या.

इथे हुशार वाचक म्हणेल, ओढ्यात आधीचे पाणी होतेच, त्यात पाऊस मिसळला, यात नवल काय? म्हणून विसर्गही, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते तेही, बघावा लागतो. मी दहा मीटर अंतर आखून लाकडी ठोकळा सोडते, घड्याळ लावते, पात्राच्या छेदाने गुणते आणि ०.८५ ने पुन्हा गुणते, कारण पृष्ठभागावरचे पाणी सरासरीपेक्षा जोरात पळते. पद्धत ओबडधोबड आहे, पण तिच्या हिशेबाने पावसाआधी सेकंदाला १०० लिटर वाहत होते आणि पहाटे ४००. चारशेचे पाऊण म्हणजे तीनशे. म्हणजे जुन्या पाण्याचा ओघ एका रात्रीत शंभरावरून तीनशेवर गेला होता. सेकंदाला दोनशे लिटर जादा जुने पाणी, जे काल संध्याकाळी जमिनीत स्वस्थ बसले होते, ते चार तासांत उठून ओढ्यात आले. तुमच्या चित्रातला ‘संथ’ हा शब्द मला तिथे खुपला.

हे कसे होते हे कळेपर्यंत मला झोप नव्हती. शेवटी जुनी सवय उपयोगी पडली. काचेच्या उभ्या नळीत वाळू भरली, तिच्यात मिठाचे पाणी ओतून भिजवली आणि खालून ठिबकणे थांबेपर्यंत थांबले. मग वरून डिस्टिल्ड वॉटर सोडले, हा माझा पाऊस. (आधी मिथिलीन ब्लू वापरून बघितला होता. रंग वाळूलाच चिकटून बसला आणि माझा अर्धा दिवस गेला. एकतीस वर्षे मुलांना हेच सांगत आले होते, तरीही.) वरून पाणी पडल्यावर काही क्षणांत खाली थेंब सुरू झाले. पण ते थेंब खारट होते. बराच वेळ खारटच येत राहिले. मग हळूहळू आकडा उतरला. वर पडलेला थेंब खाली पोचला नव्हता, त्याने फक्त धक्का पोचवला होता. धक्का आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे वेगही वेगळे. भूजलाचा स्वतःचा कण वाळूच्या थरातही दिवसाला काही सेंटीमीटर ते मीटरभर सरकतो. दाब मात्र भरलेल्या जमिनीतून त्याच्या कितीतरी पट वेगाने जातो.

ओढ्याच्या काठी आणखी एक गंमत असते. भूजलपातळीच्या वर मातीच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणाने पाणी चढलेले असते. तिथे माती जवळजवळ भरलेली, हवेला जागा नाममात्र. साध्या मातीत शंभरातली वीस जागा रिकामी असेल तर १० मिलिमीटर मुरलेला पाऊस भूजलपातळी ५० मिलिमीटर उचलतो. पण जिथे शंभरात एकच जागा रिकामी आहे, तिथे तेच १० मिलिमीटर पातळी मीटरभर उचलू शकतात. काठालगत भूजल आधीच वर असते, त्यामुळे ही उसळी तिथे सगळ्यात आधी येते. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली पाण्याचा वरंबा उभा राहतो, ओढ्याकडचा उतार तीव्र होतो, आणि उतार वाढला की पाझर वाढतो. हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या नळ्यांवर प्रयोग करून हाच नियम मांडला. नळी त्यांचीही होती, हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

आता वाटेल की बाईंनी घरबसल्या नवीन शोध लावला. अजिबात नाही, मी उशिरा जागी झाले एवढेच. तुमच्या चित्रातला जाड बाण रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन अभियंत्याच्या १९३३ च्या मांडणीतला आहे. पाऊस मातीच्या मुरवण्याच्या वेगापेक्षा जोरात पडला की उरलेले पाणी जमिनीवरून वाहते, असे त्यांचे म्हणणे. चूक नाही. उघड्याबोडक्या, तुडवलेल्या, पापुद्रा धरलेल्या जमिनीवर तसेच होते. पण झाडीच्या टेकड्यांवर लोक पावसात उभे राहून बघू लागले तेव्हा जमिनीवरून वाहणारे पाणी दिसेना, आणि ओढा तर फुगतच होता. अमेरिकेतल्या कोवीटा येथील जंगल-संशोधन केंद्रात ह्यूलेट आणि हिबर्ट यांनी उतारावर काँक्रीटची लांबच लांब कुंडी बांधून तिच्यात माती भरली, भिजवली आणि वरून झाकून टाकली. वरून एक थेंब पडत नसताना खालच्या टोकाला महिनोन्‌महिने पाणी येत राहिले. हे १९६३ चे काम. १९६७ मध्ये त्यांनीच सांगितले की पुराला पाणी देणारा भाग पाणलोटभर सारखा पसरलेला नसतो. ओढ्याकाठचा ओला पट्टा असतो, आणि तो पावसाबरोबर रुंदावतो, नंतर आकसतो.

१९६९ मध्ये पिंडर आणि जोन्स यांनी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या छोट्या पाणलोटांत पाण्याच्या रसायनावरून, म्हणजे माझ्याच हिशेबाने, भूजलाचा वाटा काढला. पुराच्या शिखरावर तो ३२ ते ४२ टक्के निघाला. नंतर लोक क्षार सोडून पाण्याच्या रेणूकडेच वळले. ऑक्सिजनच्या हजार अणूंमागे साधारण दोन अणू जड, ऑक्सिजन-१८ चे असतात (एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात) आणि हे प्रमाण प्रत्येक पावसात थोडे वेगळे असते. ही खूण पाण्याला नंतर चिकटलेली नसते, पाणीच ती असते. १९७९ मध्ये स्क्लॅश आणि फार्वोल्डन यांनी याच खुणेवरून कॅनडातल्या ओढ्यांच्या पुरात बहुतांश पाणी भूजलाचे असल्याचे दाखवले. वर मी ज्याला वरंबा म्हटले, ती कल्पना त्यांचीच.

यावर भांडणही झाले, आणि तो भाग मला सगळ्यात आवडतो. न्यूझीलंडमधल्या मायमाय या पाणलोटात मॉस्ली यांनी १९७९ मध्ये रंग टाकून पाहिले. रंगीत पाणी मातीतल्या मुळांच्या भोकांतून, भेगांतून सुसाट खाली आले. म्हणजे पूर नव्या पावसाचा. काही वर्षांनी त्याच उतारांवर दुसऱ्या गटाने समस्थानिक मोजले आणि पुरातले पाणी मुख्यतः जुने निघाले. जागा एकच, दोघेही प्रामाणिक, उत्तरे परस्परविरुद्ध. १९९० मध्ये मॅकडॉनेल यांनी तोडगा सुचवला. नवा पाऊस भेगांतून खाली धावतो हे खरे, पण तळाच्या खडकावर पोचल्यावर तिथल्या मातीत साचलेल्या भरपूर जुन्या पाण्यात मिसळतो, आणि मग तळाची छिद्रे मुख्यतः जुनेच पाणी घेऊन वाहू लागतात. रंग बघणाऱ्याला वेग दिसला, अणू मोजणाऱ्याला वय दिसले. मिथिलीन ब्लूने फसलेल्या मला मॉस्लींबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

तरीही सगळे सुटलेले नाही. २००३ मध्ये कर्चनर यांनी ‘दुहेरी विरोधाभास’ असे म्हणून दोन प्रश्न समोर ठेवले. महिनोन्‌महिने जमिनीत बसलेले पाणी काही तासांत बाहेर कसे पडते, हा एक. आणि ते जुनेच असेल तर त्याचे रसायन विसर्गाबरोबर का बदलते, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाने माझीही झोप उडवली आहे, कारण माझा हिशेब त्याच्याच पायावर उभा आहे. पावसाचे कोरे पाणी मातीतून जाताना काही मिनिटांत क्षार उचलते आणि मग मीटरला ते ‘जुने’ दिसते. म्हणून माझे पाऊण हे थोडे फुगलेले असणार. दोनतृतीयांश म्हटले तरी मी वाद घालणार नाही. पण तेवढ्यानेही बाण सुतळीएवढा राहत नाही.

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. २०१६ मध्ये जगभरातल्या २५४ नद्यांच्या समस्थानिकांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की नद्यांतले साधारण एकतृतीयांश पाणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या आत पडलेल्या पावसाचे, म्हणजे तरुण असते. उरलेले त्याहून जुने. आणि तीव्र उताराच्या डोंगराळ भागात तरुण पाण्याचा वाटा उलट कमी निघाला. मला तर वाटले असते की डोंगरावरून पाणी घसरत येणार, म्हणजे तिथे ते ताजे असणार. उतारावरचे पाणी खोल भेगांत शिरते, असा त्याचा एक अर्थ लावतात.

माझ्या ओढ्याचेही एकच उत्तर नाही. मोठ्या उघडिपीनंतरच्या पहिल्या पावसात वाचन ५२० वरून २१० ला आले होते. तोच हिशेब केला तर जुने पाणी जेमतेम ३८ टक्के. ओढा झटकन चढला, दोन तासांत उतरला. तिसऱ्या-चौथ्या पावसानंतर, जमीन पोटभर प्यायल्यावर, तेवढ्याच पावसाने मोठा पूर आला आणि तो मुख्यतः जुन्या पाण्याचा होता. गावगप्पांत ‘पाणी मुरले म्हणजे पूर टळला’ असे म्हणतात ना, ते कोरड्या जमिनीपुरते खरे. भरलेल्या जमिनीत मुरलेले पाणी दुसऱ्या पाण्याला बाहेर ढकलते. आणि जिथे सगळीकडे फरशी आणि डांबर आहे, तिथे ढकलायला जुने पाणीच नसते. तिथे तुमचा जाड बाण अगदी बरोबर आहे, तो तसाच ठेवा.

एका बाणासाठी एवढी उठाठेव का, असे विचाराल. कारण चित्रावरून लोक निर्णय घेतात. शेतात टाकलेल्या खताचा नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतो आणि भूजलात बसून राहतो. पुरात जुने पाणी बाहेर येत असेल, तर तोही पुराबरोबर बाहेर येतो. यंदा खत निम्मे केले आणि पुढच्या पुरात नायट्रेट तसाच दिसला, म्हणून कोणी ‘उपाय फसला’ म्हणेल. फसलेला नसतो. ओढा अजून काही वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता करत असतो. जाड बाणाचे चित्र डोक्यात असेल तर हे सुचणारच नाही.

उपशाचेही तसेच. भूजलपातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की बारीक बाण नाहीसा होत नाही, उलटा फिरतो. मग ओढ्यातले पाणी काठात आणि तळात शिरू लागते. उपसा वाढला की ओढा पुढे कधीतरी आटेल, एवढेच आपण धरतो. पण आजच्या पावसात ओढा किती फुगेल, हेही जमिनीखालची पातळी ठरवते. माझ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक विहीर आहे, काठापासून तीस पावलांवर. पावसाच्या रात्री तिची पातळी ओढा चढण्याबरोबरच चढते, हे मी दोरीला गाठी मारून पाहिले आहे. विहिरीतले पाणी ओढ्यापेक्षा वर असले तर पूर जुना, खाली असले तर नवा. अजून तरी ही खूण चुकलेली नाही, पण माझ्याकडे सतराच पावसांच्या नोंदी आहेत, तेव्हा तिला नियम म्हणू नये.

आपल्या चित्रकाराला माझा निरोप द्यावा. दोन बाण ठेवा, पण जमिनीखालचा बाण ओढ्याजवळ जाड होऊ द्या, आणि ‘संथ, पाऊस संपल्यावर’ हे शब्द खोडून ‘पावसातसुद्धा’ लिहा. जमलेच तर पावसाचा थेंब जमिनीत शिरताना आणि दुसराच थेंब ओढ्यात पडताना दाखवा. दोघांना वेगवेगळे रंग द्यावे लागतील.

परवाच्या पावसानंतर ओढा उतरतो आहे. काल ४३० होता, आज सकाळी ४६२. उद्या मीटर पुन्हा प्रमाण द्रावणात तपासून घेणार आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक